नदीला व्यक्तीचा दर्जा: वांगानुई आणि गंगा
नदीला कायद्याने व्यक्ती मानलं, की तिला स्वतःचे हक्क मिळतात आणि तिच्या वतीने पालक बोलतात. न्यूझीलंडच्या वांगानुई नदीला हा दर्जा देणाऱ्या कायद्याला मंजुरी आणि उत्तराखंड उच्च न्यायालयाचा गंगा-यमुनेबाबतचा तसाच आदेश, दोन्हींची तारीख एकच: 20 मार्च 2017. तिकडचा कायदा लागू आहे. इकडच्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2017 मध्ये स्थगिती दिली.

खरी मेख पालकांच्या नेमणुकीत आहे. वांगानुईच्या वतीने दोघे बोलतात: एक सरकारने नेमलेला, एक नदीकाठच्या माओरी जमातींनी. जोडीला 3 कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी, आणि पात्राचा सरकारी मालकीचा भाग नदीच्याच नावावर. गंगेचे पालक मात्र केंद्राच्या नमामि गंगे या गंगा स्वच्छता योजनेचे संचालक, उत्तराखंडचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता. सरकारी यंत्रणेमुळेच सांडपाणी नदीत गेलं, तर दाद मागणारे तिचेच अधिकारी. हे चालणं कठीणच होतं. शिवाय नदी अनेक राज्यांतून वाहते, मग उत्तराखंडचे अधिकारी खालच्या राज्यांत काय करणार? नदीच व्यक्ती ठरली, तर पुरात झालेल्या नुकसानाची भरपाई कोणाकडे मागायची, हा राज्य सरकारचा आक्षेपही बिनबुडाचा नव्हता.

आपल्याकडे प्रदूषणाच्या वादासाठी आज राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या खास न्यायपीठाचा मार्ग जास्त भरवशाचा. त्याच्या कायद्यातल्या कलम 14 खालचा अर्ज वादाचं कारण घडल्यापासून 6 महिन्यांत करायचा. सबळ कारण असेल तरच आणखी 60 दिवस मिळतात.