सिंगल लिव्हर शॉवर मिक्सर: काही महिने वापरल्यावर, आणि त्या बटणाबद्दल

आधी दिलेले पाच तारे मागे घेतेय. आता तीनच, आणि तेही मिक्सर मुळात चांगला आहे म्हणून. बाकीचे दोन हँड शॉवरच्या मुठीवरच्या बटणाने घालवले. बटणावरून एवढं काय, असं वाटेल. पण त्या बटणापायी घरातलं गरम पाणीही कोमट झालं आणि गारही कोमट झालं. वर सर्व्हिसवाला गिझरचा थर्मोस्टॅट बदलायला सांगून गेला.

भिंतीवर बसणारं, हँड शॉवरवालं मॉडेल आहे. फिनिश, धार, लिव्हरची चाल यात खोट काढायला जागा नाही. पहिल्या रिव्ह्यूत मी सगळ्यात जास्त कौतुक बटणाचंच केलं होतं. साबण लावताना बटण दाबलं की पाणी बंद, पुन्हा दाबलं की मघाच्याच तापमानाचं पाणी चालू. गरम-गार परत जुळवत बसायला नको आणि तेवढ्या वेळात पाणीही वाया जायला नको. मला पाण्याची नासाडी बघवत नाही, त्यामुळे मी खूश होते. घरात सगळ्यांना सवय लागली: आंघोळ झाली की बटण दाबायचं, लिव्हर आहे तिथेच सोडायचा. तसा तो सोडू नका असं सोबतच्या माहितीपत्रकात कुठेही लिहिलेलं नाही. मुद्दाम परत वाचून काढलं.

मग स्वयंपाकघरातल्या गरम नळाला कोमट पाणी यायला लागलं. रोज नाही, अधूनमधून. त्याहून विचित्र म्हणजे बेसिनचा गार नळ सोडला की कधीकधी ऊन पाणी. सासूबाईंच्या मते गिझर म्हातारा झाला. गिझर बिघडला असता तर पाणी गरम झालं नसतं, हे मान्य. पण मग गार नळाला ऊन पाणी कुठून आलं? सर्व्हिसवाल्याला हेच विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, पाइप जवळजवळ असतील." शेजारच्या पाइपाची धग लागून पहिलं भांडंभर पाणी ऊन येईल. नळ सोडून ठेवला तरी ऊनच येत राहतं ते धगीने नव्हे.

त्याने थर्मोस्टॅट बदलायच्या खर्चाचा आकडा सांगितल्यावर मी त्याला चहा न विचारता वाटेला लावलं आणि स्वतः शोधायला बसले. ज्याला असा त्रास असेल त्याच्यासाठी सविस्तर लिहितेय, कारण यात खर्च शून्य आहे.

सगळ्यात आधी गिझरचा स्विच बंद करा. हे विसरू नका, टाकी रिकामी होऊन कॉइल तापली तर जळते. मग गिझरला गार पाणी जातं तो कॉक बंद करा आणि घरातला एखादा साधा, फक्त गरम पाण्याचा नळ सोडा. थोडा वेळ धार येऊन थांबली पाहिजे, कारण गिझरमध्ये मागून पाणी येणं बंद आहे. आमच्याकडे धार थांबलीच नाही. थोड्या वेळाने चांगली गार झाली आणि तशीच येत राहिली. म्हणजे गार पाणी गिझरला वळसा घालून कुठून तरी गरम लाइनमध्ये शिरत होतं. दोन्ही लाइन एकत्र येतात अशा जागा घरात मोजक्याच असतात, आणि त्या म्हणजे मिक्सर. मग एकेका मिक्सरचे दोन्ही अँगल कॉक बंद करत जायचं. ज्याचे बंद केल्यावर धार थांबते, तो गुन्हेगार.

शॉवरच्या मिक्सरला आमच्याकडे वेगळे कॉक नाहीत, त्यामुळे तो हाताने पकडला. स्वयंपाकघरातला गरम नळ सोडायला सांगितला आणि मी मिक्सर जिथे भिंतीतून बाहेर येतो त्या दोन सांध्यांवर एकेक हात ठेवून उभी राहिले. शॉवरमधून थेंब पडत नव्हता. तरी डावीकडचा, गरम पाण्याचा सांधा हाताखाली गार होत गेला आणि कान लावला तर आत बारीक सूं आवाज. लिव्हर खाली करून बंद केला तसा आवाज थांबला, आणि स्वयंपाकघरातून हाक आली, "धार गेली!"

झालं असं की लिव्हर उघडा असतो तेव्हा कार्ट्रिजमधल्या (लिव्हरखाली गरम-गार पाणी मिसळणाऱ्या भागातल्या) सिरॅमिक चकत्या गरम आणि गार दोन्ही वाटा एकाच पोकळीत सोडतात. पाणी बाहेर जात असेल तर ठीक. पण पुढे बटणाने तोंड बंद केलं की ती पोकळी म्हणजे दोन लाइनना जोडणारा पूल होते. गिझरमधून येणाऱ्या पाण्याला व्हॉल्व्ह, टाकी, लांबचा पाइप असा अडथळा जास्त. म्हणून घरात कुठेही गरम नळ सोडला की गरम लाइनचं प्रेशर पडतं आणि गार पाणी पुलावरून तिकडे जातं. गार नळ किंवा फ्लश चालू झाला की गार लाइनचं प्रेशर पडतं आणि उलटा प्रवास सुरू. दोन्ही लक्षणं एकाच घरात का दिसतात याचं उत्तर एवढंच. आणि अधूनमधून का? तर लिव्हर उघडा राहिला असेल तेव्हाच.

तेव्हाच एक तारा द्यायचा होता. मग कंपनीला फोन केला. आधी "असं होऊच शकत नाही", मग "कार्ट्रिज पाठवतो". मी म्हटलं, कार्ट्रिज खराब असती तर लिव्हर बंद असतानाही पाणी इकडचं तिकडे गेलं असतं, इथे तसं होत नाही, मग वॉरंटीतली कार्ट्रिज फुकट घालवता कशाला? पलीकडे जरा शांतता. शेवटी वरिष्ठ कोणी तरी लाइनवर आले आणि मान्य केलं की या मॉडेलच्या इनलेटला, म्हणजे पाणी आत येतं त्या तोंडांना, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे) नाहीत. ठरवलेलं तापमान आपोआप राखणाऱ्या थर्मोस्टॅटिक मिक्सरमध्ये ते सहसा आतच असतात. इथे वाचवलेत. बटण दिलं आणि बटणामुळे लागणारे दोन छोटे व्हॉल्व्ह दिले नाहीत, ही कंजुषी मला सोसत नाही. कंजुषी काय असते ते मला नीट कळतं.

व्हॉल्व्ह मात्र त्यांनी पाठवले, पैसे न घेता. म्हणून एकाचे तीन तारे झाले. आपल्या प्लंबरने दोन्ही इनलेटला बसवले. बसवताना त्यावरचा बाण स्वतः बघा, तो मिक्सरच्या दिशेने असला पाहिजे. धार किंचित कमी झाली, पण जाणवेल इतकी नाही. तेव्हापासून वरची परीक्षा घेतली की धार थांबते.

तरीही आंघोळ झाली की लिव्हर बंदच करतो. बटणाच्या जिवावर सोडलं तर हँड शॉवरची लवचीक नळी रात्रंदिवस पूर्ण प्रेशरखाली राहते, आणि ती त्यासाठी बनवलेली नसते. आमच्या नळीच्या चकतीपाशी फुगवटा आलाच होता.

मध्यंतरी गार नळाला पुन्हा ऊन पाणी आलं तेव्हा मी फोन उचललाच होता. पण ते मगभर येऊन थांबलं. ते वेगळं प्रकरण आहे. पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर तापलं की साधारण दीड टक्का फुगतं. 15 लिटरच्या गिझरमध्ये ते पाव लिटरच्या आसपास होतं, आणि गिझरच्या इनलेटला अडवणारं काही नसेल तर तेवढं पाणी गार लाइनमध्ये मागे ढकललं जातं. यात मिक्सरचा दोष नाही. तिथे नॉन-रिटर्न बसवलात तर गिझर तापताना जादा प्रेशर बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतील. ते पडू द्या. गळती समजून त्याचं तोंड कोणी बुजवू नका, टाकी फुटू शकते.

घ्यायचा तर घ्या, पण ऑर्डर देतानाच दोन नॉन-रिटर्न मागून घ्या आणि लेखी घ्या. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर गिझर 60 अंशांवर असताना गार नळाला भरवशाने हात लावू नका म्हणून सांगून ठेवा. तेवढ्या गरम पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते. आणि बटणाचं क्रोम आता कडेने उडायला लागलंय. त्याची तक्रार आज टाकलीय, काय म्हणतात ते इथेच लिहीन.