झेनच्या दाराची खडखड: दुरुस्तीनंतर आठ महिन्यांचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधी सांगते. गाडी २००४ ची मारुती झेन, बाबांनी नवी घेतलेली, मीटरवर एक लाख अडतीस हजार. तक्रार दोन प्रकारची होती: डाव्या पुढच्या दाराची सततची खडखड, आणि स्पीडब्रेकर तिरका घेतला की कुठूनतरी येणारं एक लांबट ‘कर्र’. काम मागच्या ऑक्टोबरात, दसरा झाल्यावर केलं. आता जून आहे. मध्ये साडेपाच हजार किलोमीटर झाले: आठवड्यातून तीन दिवस इंदूर-महू, दोनदा भेरूघाट उतरून ओंकारेश्वर, एकदा महेश्वर. खडखड गेली, ‘कर्र’ पण गेलं. मात्र ज्या दोन वस्तूंवर मी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पैसे घातले, त्यांचा यात काडीचा हात नाही.

पहिली वस्तू डॅम्पिंग शीट. ॲक्सेसरीवाल्यानं दार ठोकून दाखवलं, पत्रा किती ‘पोकळ’ वाजतो ते ऐकवलं आणि चारही दारांना आतून काळी शीट चिकटवून साडेपाच हजार घेतले. दार लावल्यावर पूर्वी ‘टण्ण’ व्हायचं, आता ‘ठप्प’ झालं. मी पंधरा दिवस त्या ‘ठप्प’वर खूश होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला दार लावून दाखवत होते. खडखड तशीच होती, फक्त तिचा सूर खाली गेला होता. शीट पत्र्याची थरथर मारते, सैल झालेली वस्तू ती घट्ट करत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. वर अजून एक गंमत: शीटमुळे प्रत्येक दाराचं वजन वाढलं, आणि माझ्या डाव्या दाराचा वरचा कब्जा (म्हणजे बिजागरी) आधीच झिजलेला होता. म्हणजे आजारी माणसाच्या डोक्यावर मी पाटा-वरवंटा ठेवला.

शीट वाईट असते असं नाही. ब्यूटाइल रबराची घ्या, डांबराची नको. माझ्या मागच्या दारांना त्यानं डांबराचीच लावली होती, ते मे महिन्यात कळलं. गाडी दुपारी उन्हात उभी राहिली की आत नवीन डांबरी रस्त्याचा वास. एका दारात शीट खाली घसरून काचेच्या मशीनला टेकली होती, काच वर जाताना अडायची. आणि अख्खा पत्रा मढवायची गरज नसते, पत्र्याच्या मधोमध पाव भाग झाकला तरी बहुतेक थरथर मरते. ‘फुल कव्हरेज’ हा विकणाऱ्याच्या फायद्याचा शब्द आहे.

दुसरी वस्तू स्ट्रट बार. बॉनेटखाली दोन्ही सस्पेंशनच्या डोक्यांना जोडणारा आडवा दांडा, बत्तीसशे रुपये. दिसायला झकास. त्याच्याबद्दल पुढे.

खरं निदान झालं ते देवास नाक्याकडच्या एका डेंटरकडे, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणाऱ्याकडे. सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडी चालवूनसुद्धा बघितली नाही. दार वीतभर उघडलं, मागच्या कडेला खालून दोन्ही हातांनी धरलं आणि वर उचललं. दार ‘टक्’ करून वर गेलं. खांब आणि दाराच्या मधे बोट ठेवून मला पण तो टक् जाणवून दिला. “ये तो कब्जा बोल रिया है, भिया.” (मी बाई असले तरी इंदूरमध्ये सगळे ‘भिया’च.) पुण्याची मावसबहीण कब्जा म्हटलं की घराचा ताबा समजते, आम्ही इंदूरचे मराठी बिजागरीला कब्जाच म्हणतो, गॅरेजमध्ये तर नक्कीच.

मग ते म्हणाले, कब्जा नंतर, आधी बॉडी बघू. आणि इथे मला सगळ्यात उपयोगाची गोष्ट शिकायला मिळाली, जी घरी कुणालाही करता येते.

झेनला वेगळी चेसिस नाही. जीप किंवा जिप्सीला खाली शिडीसारखी फ्रेम असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असते. झेनमध्ये तळ, दाराखालचा उंबरा (डेंटर लोक त्याला रनिंग बोर्ड म्हणतात), खांब आणि छप्पर मिळूनच सांगाडा होतो. पत्रे जागोजागी स्पॉट वेल्डनं टाचलेले असतात. एक चाक उचललं गेलं की सगळा डबा थोडा पिळतो. थोडा पीळ प्रत्येक गाडीत असतो, नव्या गाडीत पण. उंबऱ्याचा पत्रा सडला किंवा टाचे सुटले की पीळ वाढतो, दाराच्या चौकटीचा चौकोन तिरका होतो, आणि मग खुंटी (खांबावरची, जिच्यात दाराचं लॉक अडकतं ती), कब्जे, रबर कितीही नवं घाला, पुन्हा बोलायला लागतं.

चाचणी अशी. गाडी सपाट जागी उभी करायची, मागच्या चाकांना दगड लावायचे. दार बंद करून, त्याच्या मागच्या वरच्या कोपऱ्यातली फट मोजायची. चाचा बोटानंच मोजतात, माझा बोटावर विश्वास नव्हता. घरी भाच्याच्या मुंजीच्या उरलेल्या पत्रिका होत्या, त्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या. फटीत एकावर एक सरकवायच्या, अडकल्या की मोजायच्या. उजवीकडे चौदा, डावीकडे चौदा. मग जॅक लावून पुढचं एक चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचललं (जॅकवरच्या गाडीखाली हात-पाय घालायचे नाहीत, हे सांगायला नको). उजवी बाजू उचलल्यावर उजवीकडे तेरा पट्ट्या. डावी बाजू उचलल्यावर डावीकडे दहा! चार पट्ट्या म्हणजे सव्वा-दीड मिलिमीटर. दार उघडून परत लावायला गेले तर खुंटीवर घासलं. एका बाजूला एक पट्टी आणि दुसऱ्या बाजूला चार, हा फरकच महत्त्वाचा. नुसता आकडा घेऊन काही कळत नाही, कारण प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा.

फरक दिसल्यावर गंज शोधायचा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं उंबऱ्यावर टकटक करत गेलो. चांगला पत्रा ‘टण’ वाजतो, मागच्या दाराच्या अलीकडे एकदम ‘थप’ आलं. लोहचुंबक रुमालात गुंडाळून फिरवलं, तिथे ते धरेना. म्हणजे पुट्टी. कधीतरी कुणीतरी गंजावर पुट्टी भरून रंग मारून दिला होता. बाबांना आठवेना, आणि आठवलं असतं तरी मी नाव लिहिलं नसतं. पुट्टी खरवडल्यावर आत वीतभर पत्रा कुरकुरीत झालेला, आणि आतल्या पट्टीचे तीन टाचे सुटलेले. ते ‘कर्र’ तिथून येत होतं, दोन पत्रे एकमेकांवर घासून. कारण साधं: उंबऱ्याच्या खालची पाणी जायची भोकं चिखलानं बुजलेली, वीस पावसाळ्यांचं पाणी आत बसलेलं.

वेल्डिंग सीओटूनंच (विजेवरचं, तारेचं) करून घ्या. गॅसच्या ज्योतीनं पत्रा लाल होतो, वाकतो, आणि आसपासचा रंग पण जातो. आधीच पत्रा मिलिमीटरभरसुद्धा जाड नाही. सडलेला भाग पूर्ण कापून नवा तुकडा बसवला, वरून ठिगळ नाही. त्याआधी कार्पेट आणि सीट बाहेर, बॅटरीची तार काढलेली, पाण्याची बादली शेजारी. झिंक प्रायमर, सांध्यांवर सीलर, आतून पातळ मेण. भोकं मोकळी. रंगासकट अठ्ठेचाळीसशे. उंबऱ्यात स्प्रेचा फोम भरायचा सल्ला मला दोघांनी दिला. भरू नका. फोम पाणी धरून ठेवतो, गंजाला याहून चांगलं घर मिळणार नाही.

काम झाल्यावर पट्ट्या पुन्हा मोजल्या: चौदावरून तेरा. दोन्ही बाजू सारख्या.

त्याच दिवशी स्ट्रट बारची पण परीक्षा घेतली. बार लावून मोजलं, काढून मोजलं. एका पट्टीचासुद्धा फरक नाही. घाटात स्टिअरिंग जरा टोकदार वाटतं असं आधी मी दोन-तीन जणांना सांगितलं होतं, ते शब्द मागे घेते. बत्तीसशे रुपये दिले की माणसाला काहीतरी वाटतंच. पाऊण टनाच्या गाडीत, साध्या रस्त्यावर, दारांसाठी त्याचा उपयोग शून्य.

कब्जा मग अर्ध्या तासात बदलला. भंगारातून त्याच मॉडेलचा, उजव्या दाराइतका घट्ट असलेला शोधला, मजुरीसकट सातशे. खुंटी म्हणजे स्ट्रायकर शेवटी. त्याचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरला दाद देत नाहीत, हातोडीनं मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो, नाहीतर स्क्रूचं डोकं गोल होतं. हलवण्याआधी भोवती पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा. एका वेळी मिलिमीटरभर आत, दार लावून बघा, मागच्या दाराशी पत्रा एका पातळीत आला की थांबा. दार लागताना वर उचललं जात असेल किंवा खाली पडत असेल तर दोष कब्ज्यात आहे, खुंटीच्या गळ्यात घालू नका. खुंटीवरचं प्लॅस्टिक झिजून लोखंडावर लोखंड वाजत होतं. मी हुशारी करून वायरीवर लावायची आकुंचन पावणारी नळी चढवली. तीन महिन्यांत चिरली. जानेवारीत सरळ नवी खुंटी घातली, तेव्हापासून शांत.

रबराचा अनुभव मिश्र आहे. शंभराची नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज निघाली तर तिथलं रबर मेलं. माझी नोट आरशाजवळ सगळीकडे निघत होती. मीटरच्या मापानं कापून मिळणारं रबर लावलं. पहिले तीन आठवडे दार इतकं जड लागायचं की बाबा रोज धाडकन आपटायचे आणि आई गॅलरीतून ओरडायची. मग बसलं. पण एप्रिलच्या उन्हात वरच्या कोपऱ्यात, जिथे ते वळवलं होतं, तिथे फाटलं. आता साच्यातलं, कोपरा तयार असलेलं घातलंय, दुपटीहून महाग. सुरुवातीलाच तेच घ्यायला हवं होतं. रबराला सिलिकॉन ग्रीस लावा, इंजिनचं ऑइल किंवा साधं ग्रीस नाही, रबर फुगून मऊ पडतं.

दाराच्या आतल्या आवाजांसाठी एक युक्ती चांगली चालली. डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढून, मोबाइलवरून गाडीच्या स्पीकरवर चाळीस ते दोनशे हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर वाजवला. एकशेदहाच्या आसपास लॉकची सळई गुणगुणायला लागली, तिची प्लॅस्टिकची क्लिप तुटली होती. क्लिप नवी, सळईला कापडी टेप, विषय संपला. दाराच्या तळाशी चिखलात एक चवन्नी सापडली, नेमकी पाणी जायच्या भोकावर. पंचवीस पैशांची नाणी २०११ साली बंद झाली, म्हणजे ती निदान तेव्हापासून तिथे बसून असावी. पॅड लावताना आतला प्लॅस्टिकचा कागद नीट चिकटवा, तो सुटला तर पावसाचं पाणी थेट पायाशी.

काही आवाज दाराचे नसतातच. गाडी चालू असताना शेजारी बसलेल्या माणसानं दार आर्मरेस्टला धरून आत ओढून धरायचं. आवाज थांबला तर दार, नाही थांबला तर दुसरीकडे बघा. माझ्याकडे उरलेला निम्मा आवाज न लावलेल्या सीटबेल्टचं बक्कल खांबाच्या प्लॅस्टिकवर आपटून येत होता. आणि पंपावरच्या पोरानं चाकांत चाळीस पाउंड हवा भरली होती. तीसवर आणल्यावर अर्धी कुरकुर रस्त्यातच विरली.

राहिलेलं: थंडीत सकाळी डॅशबोर्ड दहा मिनिटं चरचरतो, ऊन लागलं की गप्प. डिकीचं दार खडबडीत रस्त्यावर अजून बारीक वाजतं, तिथले रबरी ठोकळे बदलायचेत. परवाच्या पहिल्या पावसानंतर कार्पेट उचलून बघितलं, कोरडं होतं. पट्ट्या पण मोजल्या, चौदा-तेरा.

तळाचा पत्रा पण सडलेला असेल, किंवा मागच्या सस्पेंशनच्या मुळाशी गंज असेल, तर हा खर्च करू नका. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं, तो हिशेब पण त्यात धरा.

स्ट्रट बार माळ्यावर पडून आहे, ओरखडा पण नाही. इंदुरात कुणी झेनवाला असेल तर पट्ट्या मोजून दाखवीन, आणि तरीही हवा असेल तर फुकट घेऊन जा. पोहे-जलेबी तुमच्याकडून.