भाड्याचा हेडसेट माइकसंच: शाळेच्या संगीत नाटकासाठी घ्यावा, पण आठच

नववी-दहावीच्या मुलांचे आवाज वाद्यवृंदापुढे टिकत नाहीत, तेव्हा संच घ्याच. मात्र आठच माइक, तेही मुख्य पात्रांनाच. कोरसला वर टांगलेले 2 पुरतात. कॅप्सूल (माइकचं आवाज टिपणारं टोक) ओठांच्या कोपऱ्यापासून साधारण 2 सेंटिमीटर मागे, गालावर वैद्यकीय टेपने चिकटवा. तोंडासमोर आली की ‘प’ आणि ‘फ’ फाटलेच म्हणून समजा.

खरी खोड घामाची. नाचाचा प्रवेश झाला की तार भिजते, खरखर सुरू. कानामागे तारेला छोटा वळसा ठेवा, थेंब तिथेच गळतो. ट्रान्समीटर (माइकचा आवाज बिनतारी पाठवणारी, अंगावर बांधायची डबी) पातळ रबरी पिशवीत घाला. बॅटऱ्या प्रत्येक प्रयोगाआधी नव्या, अर्ध्या उरल्या असल्या तरी (इथे काटकसर नको). सारख्या टोप्या बदलणाऱ्या पात्राला हेडसेट गैरसोयीचा. केसांत लपणारा माइक मागून घ्या.