गाणी ऐकायचा अँप (अँप्लिफायर): प्री-पॉवर वेगळे ठेवू की एकच इंटिग्रेटेड?

जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये आलो तेव्हापासून हाच घोळ. जुना सेट म्हणजे प्रीअँप (इनपुट निवडणारा, आवाज कमी-जास्त करणारा) वेगळा, 100 वॅटचा पॉवर अँप (स्पीकरला ताकद देणारा) वेगळा, मागं वायरींचा गुंता, आणि ग्राउंड लूपची (दोन डब्यांचं अर्थिंग वायरींतून एकमेकांना जोडलं गेलं की येते ती) बारीक घूंऽऽ काय शेवटपर्यंत गेली नाही. त्यात मे महिन्यात इथं पारा 40 च्या वर, क्लास एबी प्रकारचा अँप स्वतःच तापतो, आई म्हणायची याच्यावर भाकरी भाजेल बघ.

मग 50 वॅटचा इंटिग्रेटेड, म्हणजे प्री आणि पॉवर एकाच डब्यात, घेतला. मित्र म्हणला आवाज निम्मा होणार, तसं नसतं ओ, पॉवर निम्मी झाली तर फरक फक्त 3 डीबीचा (डेसिबल), कानाला थोडासाच, आणि छोट्या खोलीत आपण बहुतेक वेळा एक-दोन वॅटवरच ऐकतो.

हां, स्पीकर 4 ओमचे, कमी सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच वॅटला कमी आवाज देणारे) असतील तर दणकट पॉवर अँप सोडू नका.

आणि रेकॉर्डवाल्यांनो, अँपला फोनो इनपुट (रेकॉर्ड प्लेअरसाठीचं खास इनपुट) आहे का ते आधी बघा, एमएम कार्ट्रिजचा (सुईमागचा मूव्हिंग मॅग्नेटवाला भाग) सिग्नल जेमतेम 5 मिलिव्होल्ट, साध्या ऑक्स इनपुटला लावला तर नुसती कुजबुज. माझ्या अँपात नव्हता, वेगळा फोनो प्रीअँप लावावा लागला, म्हणजे परत दोन डबे झाले की! तरी रॅकचा एक कप्पा सुटला, तिथं आता आईच्या चादरी.