अथर्वशीर्षाचा वर्ग, सदाशिव पेठ: पैसे वसूल, पंखा सोडून

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर आषाढ-श्रावणात गणपती अथर्वशीर्षाचा वर्ग चालतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी पाऊण तास, फी १००० रुपये, त्यात पुस्तिका आली. गुरुजींना जाहिरात नको आहे, म्हणून नाव-पत्ता घालत नाही. पण गणपती जवळ आले की पेठांपासून कोथरूडपर्यंत असे वर्ग निघतात. आपल्या जवळचा वर्ग बरा की कसा, हे ठरवायला या एकाचा अनुभव उपयोगी पडावा.

कुणी जाऊ नये ते आधी सांगते. ज्यांना अर्थ समजून घ्यायचाय त्यांनी. गुरुजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "अर्थाची पुस्तकं बाजारात हवी तेवढी मिळतात. इथे तोंड आणि कान दुरुस्त होतात." कुणी फारच लावून धरलं तर हे उपनिषद अथर्ववेदाचं म्हणून धरतात, १०८ उपनिषदांच्या यादीत आहे, एवढं सांगून पुढच्या ओळीवर जातात. फळ हवं असणाऱ्यांनीही विचार करावा. दूर्वांनी यजन केलं तर कुबेरासारखा होतो, लाह्यांनी केलं तर यश मिळतं, ही आश्वासनं फलश्रुतीची, म्हणजे पठणाचं फळ सांगणाऱ्या शेवटच्या भागाची आहेत, वर्गाची नव्हेत. माझं आयुष्य ऑडिटमध्ये गेल्यामुळे असेल, पण अशा आश्वासनांपुढे माझी पेन्सिल आपोआप थबकते. मी गेले ते ऋषिपंचमीच्या पहाटेच्या सामुदायिक पठणासाठी, चारचौघींत सूर लागावा म्हणून.

शिकवण्याची पद्धत संथेची. गुरुजी एक तुकडा एकदा म्हणणार, आपण दोनदा म्हणायचा. पुस्तिका बंद करून मांडीखाली. पहिले काही दिवस बायकांची चुळबूळ होते, कारण जवळपास प्रत्येकीला अथर्वशीर्ष लहानपणापासून "येत" असतं आणि खरी अडचण तीच आहे. कोऱ्या पाटीवर लिहिणं सोपं, गिरवून गिरवून बसलेलं पुसणं अवघड. माझ्या शेजारी नारायण पेठेतल्या एक काकू बसायच्या. घरी रोज म्हणणाऱ्या. त्यांची गाडी दिशांच्या ओळीवर घसरायची. अव पश्चात्तात्, अव पुरस्तात्, अवोत्तरात्तात्, अव दक्षिणात्तात्. सहा दिशांनी रक्षण कर म्हणायचंय आणि त्यातला एक 'त्त' दर वेळी रस्त्यातच गळायचा. गुरुजींनी त्यांना नुसतं 'अवोत्तरात्तात्' चुटकीच्या ठेक्यावर म्हणायला लावलं, सगळ्यांच्या देखत, 'त्त' दोन्ही ठिकाणी वाजेपर्यंत. काकूंचा चेहरा लाल झाला. पण त्यानंतर त्यांचा तो शब्द कधी अडखळला नाही, आणि ऐकून ऐकून आमच्या सगळ्यांचाच सुधारला.

दुसरी जागा श्वासाची. 'त्वं ब्रह्मा त्वं विष्णुस्त्वं रुद्रस्त्वमिन्द्रस्त्वमग्निस्त्वं' ही माळ भूर्भुवःस्वरोम् पर्यंत जाते. एका दमात झेपत नाही म्हणून बहुतेक जणी 'इन्द्रस्त्व' म्हणून दम घेतात आणि 'मग्निस्त्वं' पुढे, म्हणजे शब्दाचे दोन तुकडे. "काकू, श्वास कुठे घेतलात? मधल्या मध्ये इंद्र गेला की!" असं गुरुजी म्हणाले की हसू यायचं, पण उपाय सांगायचे तो नेमका: ओळ सुरू करण्याआधी पोट भरून श्वास, पहिल्या तीन नावांत आवाज खर्च करायचा नाही, आणि दम घ्यायचाच तर 'त्वं'च्या आधी. विसर्गाचं तसंच. शेवटच्या शान्तिःमध्ये 'हि' उमटायला हवा, नुसता 'शांती' म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि ब्रह्म. आपण सगळे 'ब्रम्ह' म्हणतो. ह आधी, म नंतर, हे छातीवर हात ठेवून करून घेतलं.

पुस्तिकेला वेगळे गुण देते. अप्पा बळवंत चौकात खिशात मावणाऱ्या पुस्तिका थोडक्या पैशांत मिळतात. मी पूर्वी घेतलेल्या एकीत स्वरांच्या खुणाच नव्हत्या, दुसरीत होत्या पण छापताना सरकलेल्या. वर्गाची पुस्तिका साधी झेरॉक्स आहे, स्टेपल केलेली, मात्र अक्षर चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं. अनुदात्ताची (खाली उतरवायच्या स्वराची) आडवी रेघ अक्षराच्या बरोबर खाली, स्वरिताची (वर चढवायच्या स्वराची) उभी रेघ बरोबर डोक्यावर, उदात्ताला खूण नाही. आवाज कुठे उतरवायचा आणि कुठे चढवायचा हे डोळ्यांनाच कळतं. श्वासाच्या जागी गुरुजींनी स्वतः लाल पेन्सिलीने तिरपी रेघ मारलेली, प्रत्येक प्रतीवर, हाताने. असं काम हल्ली कोण करतं?

ऑनलाइन तुकडी ६०० रुपयांत आहे. घेऊ नका. माझ्या बाणेरच्या जाऊबाईंनी घेतली, त्यांच्या फोनवर मीही एकदा डोकावले. गुरुजी तेच, कळकळ तीच, पण व्हिडिओ कॉलवर प्रत्येकीचा आवाज क्षणभर मागेपुढे पोचतो. सगळ्यांनी एकदम म्हटलं की नुसता गलका होतो, म्हणून सगळ्यांचे माइक बंद. म्हणजे तुम्ही आपल्या खोलीत एकट्याच म्हणताय, चुकलेलं पकडायला कुणी नाही. तेवढंच हवं असेल तर यूट्यूबवर फुकट आहे. जाऊबाई श्रावणाच्या अखेरीस हिरमुसून प्रत्यक्ष वर्गाला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "अगं, शेजारणीचा आवाज कानात आल्याशिवाय आपला कुठे चाललाय ते कळतच नाही."

वर्गाचं मर्म मला तिथे दिसलं. गुरुजी शेवटच्या दिवसांत आम्हाला गोल बसवून, डोळे मिटून, आपला आवाज शेजारणीच्या खाली ठेवायला सांगायचे. ज्याला त्याला आपलंच ऐकू यायला लागलं की थांबवायचे. ऋषिपंचमीला त्याचा उपयोग कळला. भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, दगडूशेठ गणपतीच्या मांडवापुढे बायका पहाटे सामुदायिक पठणाला जमतात. अलीकडच्या वर्षांत तीस हजारांच्या पुढचे आकडे छापून येतात आणि गर्दीत उभं राहिलं की ते खरे वाटतात. आम्ही मांडवापासून बरंच मागे होतो. आवाजाला अंतर कापायला वेळ लागतोच, साधारण साडेतीनशे मीटरला एक सेकंद, त्यामुळे लांबच्या स्पीकरवर कान ठेवणारी बाई दर ओळीला किंचित मागे पडते. आमच्या वर्गातल्या जणी एकमेकींवर कान ठेवून होत्या. आजूबाजूच्या अनोळखी बायकाही दोन-चार ओळींत आमच्याबरोबर आल्या. शेवटी 'श्रीवरदमूर्तये नमः' म्हणायचं की 'नमो नमः' यावर मात्र दर घरची रीत वेगळी असते. "तिथे जे चाललंय तेच म्हणा, रस्त्यात शास्त्रार्थ नको," ही गुरुजींची सूचना सोन्यासारखी निघाली.

(त्या दिवशी घरी येऊन ऋषीची भाजी करायची असते हे लक्षात ठेवून अळू, सुरण, लाल भोपळा आदल्या रात्रीच चिरून ठेवा. जागरण आणि सुरणाची खाज एकत्र नको.)

घरी आवर्तनं करणाऱ्यांसाठी एक दिवस राखलेला असतो, तो चुकवू नका. शांतिमंत्र सुरुवातीला आणि शेवटी, फलश्रुती फक्त शेवटच्या आवर्तनाला, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं आणि एकवीस वेळा सगळंच म्हणत बसतात. एका आवर्तनाला चार मिनिटं धरली तरी एकवीसला दीड तास होतो, त्यात फलश्रुती दर वेळी घातली तर नैवेद्याचे मोदक गार.

आता गाऱ्हाणी. तुकडी फार मोठी आहे. माडीवर वीस जणी ऐसपैस बसतील, तिथे चाळीसेक बसवतात. पावसाळी हवा, खिडक्या बंद, आणि वर एकच पंखा, तो दर फेरीला 'टक्' करतो. संथेला ठेका नको असतो, आणि हा देतो. मागच्या दोन रांगांना गुरुजींपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. फी घेताना पावती देत नाहीत, हे मला व्यक्तिशः खटकलं. आणि वेळ झाली की दार लागतं. दोन मिनिटं उशीर झाला तर जिन्यात उभं राहून ऐकायचं. गाडी तर आणूच नका, पेठेत लावायला जागा मिळेपर्यंत शांतिमंत्र संपलेला असतो. वनाजकडून येणाऱ्यांनी मेट्रोने यावं, सिव्हिल कोर्टला बदलून मंडईला उतरावं आणि चालत यावं.

लहान मुलांना पाठवायचं असेल तर खुशाल पाठवा. त्यांना पुसायचं काही नसतं, आमच्या तुकडीतली चौथीतली मुलगी सगळ्यांच्या आधी तयार झाली आणि नंतर आजीच्या चुका काढत बसली.

नवरात्राआधी इथेच श्रीसूक्ताचा वर्ग असतो, त्यासाठी नाव घातलंय. गुरुजींना पंख्याबद्दल सांगितलं तर म्हणाले, "बघतो." तोवर मी पाऊण तास आधी जाऊन पहिली रांग धरणार आहे.