दुरुस्ती नेटकी, पण दार कोणाला विचारून उघडले?

पुण्यात भाड्याने दिलेल्या सदनिकांची देखभाल करणाऱ्या कंपन्या आता बऱ्याच झाल्या आहेत. घरमालक परदेशात किंवा दुसऱ्या शहरात असतो आणि भाडे वसूल करणे, करार नोंदवणे, प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन पाठवणे ही सारी कामे तो अशा कंपनीवर सोपवतो. वाकडमधील आमच्या भाड्याच्या घराची व्यवस्थाही अशाच एका कंपनीकडे आहे. आमची तक्रार अजून निकालात निघालेली नसल्याने तिचे नाव येथे देत नाही. हे परीक्षण तिच्या दुरुस्ती सेवेपुरते आहे आणि ते राहणाऱ्याच्या बाजूने लिहिले आहे, कारण पैसे मालक मोजत असला तरी हातोडा चालतो तो आमच्या न्हाणीघरात.

कामाच्या दर्जाबद्दल तक्रारीला जागा नाही. शॉवरच्या डायव्हर्टरमागचा (पाणी नळाकडे की शॉवरकडे हे वळवणाऱ्या खटक्यामागचा), भिंतीत गाडलेला पाइप झिरपत होता आणि पलीकडे शयनगृहाच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पापुद्रे सुटत होते. अशा वेळी बहुतेक जण पुट्टी मारून वर रंग देतात आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. या कंपनीच्या माणसाने तसे केले नाही. त्याने गळती नेमकी कोणत्या जोडावर आहे हे आधी शोधले, तेवढ्याच फरशा काढल्या, जोड बदलला आणि भिंत पूर्ण वाळेपर्यंत रंगाला हात लावू नका असे बजावून सांगितले. मलबा स्वतः पोत्यात भरून नेला, हेही नमूद करायला हवे. नव्या सांध्यांचा रंग जुन्याशी जुळत नाही, पण ते चालण्यासारखे आहे.

ही पहिली भेट आम्ही घरी असताना झाली. फरशा पुन्हा बसवण्यासाठीची दुसरी भेट मात्र आम्ही दोघेही कामावर असताना झाली आणि ती झाल्याचे आम्हाला अ‍ॅपवरच्या संदेशातून कळले: काम पूर्ण झाले आहे, कृपया तारे द्या. चौकशी केल्यावर उलगडा झाला. आमच्या सोसायटीत फाटकावरून अ‍ॅपद्वारे परवानगी मागतात. सदनिकेच्या नोंदीत मुख्य सदस्य म्हणून मालकांचा क्रमांक असल्याने ती विचारणा सिंगापूरला गेली, तिकडून होकार आला आणि कंपनीच्या कार्यालयात ठेवलेल्या डुप्लिकेट किल्लीने दार उघडले गेले. हेल्पलाइनवरील मुलीला यात काहीच वावगे वाटले नाही. “मॅडम, ओनरचं अप्रूव्हल आलं होतं ना,” एवढेच ती नम्रपणे पुन्हा पुन्हा सांगत राहिली. तिचा दोष नाही. कंपनीच्या सगळ्या यंत्रणेत घरात राहणाऱ्याच्या होकारासाठी रकानाच ठेवलेला नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो, हे येथे थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे आमच्यासारखे वापराच्या परवान्याच्या करारावर, राहणाऱ्याला हक्क नसतातच, असा समज घरमालकांइतकाच भाडेकरूंमध्येही पक्का रुजलेला आहे. त्यात अर्धे तथ्य आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातील कलम ५२ नुसार लायसन्सने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. राहणाऱ्याला मिळते ती फक्त वापराची मुभा. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील कलम २८ घरमालकाला जागेची पाहणी करण्याचा अधिकार देताना दोन अटी घालते, वेळ वाजवी असली पाहिजे आणि आधी सूचना दिलेली असली पाहिजे. आणि ही सूचना कोणाला द्यायची हे सांगताना भाडेकरूबरोबर लायसन्सधारकाचाही स्पष्ट उल्लेख करते. म्हणजे घर मालकाचे असले तरी आत येण्याआधी कळवावे लागते, आणि ते स्वतः मालकालाच चुकलेले नसेल तर त्याच्या वतीने येणाऱ्या कंपनीला कुठून सूट मिळणार?

नोंदणी विभागाच्या ऑनलाइन करारातही पाहणीचे कलम असते. वाजवी सूचना देऊन, स्वतः किंवा अधिकृत प्रतिनिधीमार्फत, वाजवी अंतराने जागेत येऊन पाहणी करण्याचा हक्क ते मालकाला देते. कंपनीने आम्हाला याच कलमातील ‘अधिकृत प्रतिनिधी’ हे शब्द दाखवले. त्याच वाक्यात सूचनेची अटही आहे, ती मात्र आम्हाला दाखवावी लागली.

उणीव कायद्यातही आहे. ‘वाजवी’ म्हणजे किती तास, हे १९९९ चा कायदा सांगत नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना देण्याची तरतूद आहे, परंतु राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. दुरुस्तीच्या जबाबदारीचेही असेच आहे. घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याचे बंधन, मालकाने टाळाटाळ केल्यास किमान १५ दिवसांची नोटीस देऊन स्वतः काम करून घेण्याची आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च वळता करण्याची मुभा, हे सारे कलम १४ मध्ये आहे. मात्र तेथे शब्द ‘भाडेकरू’ असा असल्याने लायसन्सवर राहणाऱ्याने ते आपल्याला आपोआप लागू आहे असे गृहीत धरू नये. पोलिसांकडे जाण्याचा सल्ला काही शेजाऱ्यांनी दिला. पण भारतीय न्याय संहितेतील अतिक्रमणासाठी गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो, आणि पाना-पक्कड घेऊन आलेल्या प्लंबरकडे तो नसतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले खरे, पण तो प्रामुख्याने शासनाविरुद्ध मागायचा हक्क आहे. प्लंबरच्या भेटीवरून वाद घालताना कराराचे पान अधिक उपयोगी पडते.

दाराइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, खटकलेला भाग म्हणजे छायाचित्रे. कामाआधीची आणि कामानंतरची स्थिती दाखवण्यासाठी ती काढली जातात आणि मालकाला अ‍ॅपवर दिसतात. पैसे देणाऱ्याला काम दिसावे, यात गैर काही नाही. पण फरशीचा सांधा टिपण्यासाठी कॅमेरा सांध्याजवळ न्यायचा असतो. आमच्याकडे काढलेल्या एका चित्रात सगळे न्हाणीघर आले आहे: कोनाड्यातील रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटे नाव वाचता येईल इतकी स्पष्ट, आणि उघड्या दारातून दिसणारी, कपडे वाळत घातलेली दोरी. दुसरे चित्र शयनगृहातील ओल्या भिंतीचे आहे, आणि त्यात शेजारच्या भिंतीवर आम्ही बसवलेली देवाची फळीही दिसते. त्याच संध्याकाळी मालकांचा संदेश आला, की भिंतीला छिद्रे पाडण्याआधी विचारायला हवे होते. त्यांचे म्हणणे कराराला धरूनच होते, याबद्दल वाद नाही. मात्र गळतीच्या नावाखाली घराची पाहणी होऊन गेली आणि तिची सूचना आम्हाला कोणीच दिली नव्हती, हे यातून स्पष्ट झाले. छायाचित्रे काढून टाकण्याची विनंती केली असता वॉरंटीसाठी ती जपावी लागतात असे उत्तर मिळाले. निदान सांध्यापुरती कापून ठेवा, या सूचनेवर ‘वरिष्ठांना कळवतो’ या पलीकडे गाडी सरकलेली नाही.

करार नव्याने करण्याची वेळ आली तेव्हा आम्ही जादा अटींमध्ये स्वतःचा मजकूर घालण्याचा आग्रह धरला. दुरुस्तीसाठी येण्याच्या २४ तास आधी घरात राहणाऱ्यालाच लेखी कळवावे आणि त्याचा होकार घ्यावा, व्हॉट्सअ‍ॅप चालेल. पाइप फुटणे, गॅसची गळती किंवा शॉर्ट सर्किट यांसारखी आणीबाणी असेल तर फोन करून लगेच यावे. छायाचित्रे केवळ कामाच्या जागेची असावीत. आणि डुप्लिकेट किल्ली दोघांच्या सह्या असलेल्या बंद पाकिटात राहावी. मालकांनी पहिल्या दोन गोष्टी एका फोनवर मान्य केल्या. सिंगापूरला मध्यरात्री फाटकाच्या विचारणा येणे त्यांनाही नकोच होते. सोसायटीच्या अ‍ॅपवर आता आमचा क्रमांक पहिला आहे. किल्लीच्या पाकिटाला मात्र कंपनीने नकार दिला, कारण त्यांच्याकडे शेकडो किल्ल्या एकाच फळ्यावर सदनिकेच्या क्रमांकासह टांगलेल्या असतात आणि पाकिटे फोडत बसायला माणूस नाही. हे उत्तर त्यांनी खुलाशाच्या सुरात दिले. आम्हाला मात्र त्याने अधिकच काळजीत टाकले.

परदेशस्थ मालकांना ही सेवा जरूर घ्यावीशी वाटेल, आणि गळती थांबवणे एवढीच अपेक्षा असेल तर भाडेकरूंनाही ती आवडेल. दिवसभर कोणी तरी घरी असणाऱ्या कुटुंबाला तिचा त्रास कमी होईल. घराला कुलूप लावून कामावर जाणाऱ्यांनी सही करण्याआधी किल्ली कोणाकडे राहणार हे विचारून घ्यावे. आमच्याकडून कामासाठी पाचपैकी साडेचार आणि घरात येण्याच्या पद्धतीसाठी दीड. अ‍ॅपवर दोन्हींसाठी तारे एकाच रकान्यात मागतात, म्हणून तिथे अजून एकही दिलेला नाही.