मुंबईत टॅक्सीत बसताना मीटरचा पहिला आकडा बघा (टॅरिफ कार्डची फसवणूक)

१ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत काळीपिवळीचं भाडं वाढलं ते माहितीच असेल, कमीत कमी भाडं २८ चं ३१ झालं, पहिल्या दीड किलोमीटरचं, आणि पुढं किलोमीटरला १८.६६ होतं ते २०.६६. हे भाव एमएमआरटीए म्हणजे परिवहन प्राधिकरण ठरवतं, ड्रायव्हर किंवा युनियन नाही. पण भाव एका दिवसात बदलतो आणि हजारो मीटर काही एका दिवसात बदलत नाहीत, प्रत्येक गाडीला कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे मीटरमध्ये नवा दर बसवून घ्यायला, न्यावं लागतं. तोपर्यंत मीटरवर जुना आकडा येतो आणि टॅरिफ कार्डवर, म्हणजे जुन्या आकड्यासमोर नवं भाडं लिहिलेल्या तक्त्यात, बघून नवा आकडा द्यायचा अशी सोय आहे. सोय बरोबरच आहे, गडबड हिच्यातच होते.

भाडेवाढीनंतरचेच दिवस होते. मी आणि आई दादरहून चेंबूरला निघालो, संध्याकाळी पाचच्या सुमारास, दोन पिशव्या, त्या पण मांडीवर. ड्रायव्हर बोलका, मीटर लगेच टाकला, वाटेत कुठं फिरवलं नाही, ट्रॅफिक पण बेताचंच. उतरताना मीटरवर १६५. मी दोनशेची नोट काढली तर हा म्हणतो "रुको साब, नया रेट है, कार्ड देखो", आणि सन व्हायझरमधून लॅमिनेट केलेलं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. बोट एका आकड्यावर. म्हणाला २३० झाले, वर सामानाचे तीस, टोटल २६०. सामानाचे कुठं लिहिलंय ते दाखव म्हटलं तर "वो अलग होता है". मागून बसवाला हॉर्न मारतोय, आई अर्धी बाहेर, आणि याने तोवर मीटर वर करून आकडा पुसून पण टाकला. मी कसाबसा कार्डाचा एक फोटो काढला आणि २६० दिले.

घरी आल्यावर आई पाणी पिता पिता म्हणाली, "अरे पण मीटर टाकला तेव्हा एकतीसच दाखवत होता की." तिथंच सगळं उलगडलं. तेव्हा ज्याचं मीटर जुनं होतं ते २८ पासून सुरू व्हायचं आणि ज्याचं बदललं होतं ते ३१ पासून. म्हणजे याचं कॅलिब्रेशन झालेलं होतं, १६५ हेच नवं भाडं होतं, कार्डाचा काही संबंधच नव्हता. हिशोब करून बघा, आठ किलोमीटर धरा, दीड किलोमीटरचे ३१ आणि उरलेल्या साडेसहाचे १३४, झाले १६५. याने त्या १६५ ला जुना आकडा समजून परत वाढवलं, तसं केलं की १८३ येतात.

पण मग २३० कुठून आले? फोटो झूम करून बघितला तर कार्डावर भाड्याचे दोन कॉलम, एक नेहमीचा आणि एक मध्यरात्रीचा. रात्री १२ ते पहाटे ५ पर्यंत सव्वापट भाडं असतं. १८३ च्या सव्वापट २२९. याचं बोट मध्यरात्रीच्या कॉलमवर होतं आणि अंगठा बरोबर त्या कॉलमच्या हेडिंगवर! इतकी सफाई म्हणजे हा काही पहिल्यांदा करत नव्हता. डोकं मात्र मानायला पाहिजे, एकाच कार्डावरून दोनदा वाढवलं आणि कार्ड बहुतेक खरंच होतं.

आता यात सगळे टॅक्सीवाले तसे नसतात हे पण सांगतो, त्याच आठवड्यात एकाने स्वतःहून "मीटर नवीन आहे, कार्ड नको" म्हणून सुट्टे परत दिलेत. कॅलिब्रेशनला गाडी लावायची म्हणजे त्यांचा धंदा बुडतो, पदरचे पैसे जातात, ती तक्रार खरी आहे. पण म्हणून पाच वाजता रात्रीचं भाडं?

तर जेव्हा जेव्हा भाडं वाढेल (याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये २५ चे २८ झाले होते) तेव्हा बसल्याबसल्या मीटरचा पहिला आकडा बघा. नवं मिनिमम दिसलं की कार्ड विषयच नाही. जुनं दिसलं तर कार्ड स्वतःच्या हातात घ्या, त्याच्या हातात असताना वाचू नका, वरचं हेडिंग वाचा. आणि शेवटचा आकडा मीटर वर करायच्या आधी मोबाईलमध्ये घ्या, गाडीचा नंबर दिसेल असा एक फोटो बाहेरून. मी आरटीओकडे तक्रार टाकलीय, नंबर लक्षात होता म्हणून. तिथून पहिला प्रश्न आला तो मीटरच्या फोटोचा, आणि माझ्याकडे आहे फक्त अंगठ्यासकट कार्ड. बघू काय होतंय, काही कळलं तर खाली लिहितो.